पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढताना : छेद कोणता, आणि आत काय राहते?

'डॉक्टर, पिशवी काढायला सांगितलीय. टाके आडवे येतील की उभे?' ओपीडीत हा प्रश्न हमखास येतो. खरे तर पोटावरच्या छेदापेक्षा आत काय काढले आणि काय ठेवले, याचा परिणाम पुढची अनेक वर्षे राहतो.

तरी आधी छेदाबद्दल. आडवा छेद ओटीपोटाखाली, केसांच्या रेषेजवळ घेतात. त्यात पोटाचे उभे स्नायू कापत नाहीत, फक्त बाजूला सारतात. म्हणून दुखणे कमी असते, हर्नियाची शक्यता कमी राहते आणि व्रण झाकला जातो. गाठ बेंबीच्या वर गेली असेल किंवा कॅन्सरची शंका असेल, तर उभा छेद लागतो. तो गरजेनुसार वर वाढवता येतो. आधी सिझेरियन झाले असेल तर बहुधा त्याच जुन्या व्रणातून जातात. मात्र तिथे लघवीची पिशवी गर्भाशयाला चिकटलेली असू शकते, म्हणून ती जपून सोडवावी लागते.

आता गर्भाशयमुख. ते गर्भाशयाबरोबर काढले तर 'टोटल', ठेवले तर 'सबटोटल' शस्त्रक्रिया. सबटोटलला वेळ थोडा कमी लागतो, रक्तस्रावही थोडा कमी होतो. मुख ठेवल्याने लघवीचा त्रास होत नाही आणि शरीरसुख टिकते, असे पूर्वी सांगत. 2002 साली ब्रिटनमधील एका अभ्यासात दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा या बाबतींत फरक दिसला नाही. उलट सबटोटलनंतर शंभरातील सुमारे सात जणींना दर महिन्याला थोडा रक्तस्राव होत राहिला. शिवाय मुख राहिले म्हणजे त्याच्या कॅन्सरचा धोकाही राहतो, म्हणून पॅप तपासणी चालू ठेवावी लागते. 'पिशवीच काढली, आता कसली तपासणी?' असे म्हणून ती टाळू नका. माझे मत विचाराल तर खास कारण नसताना मुख ठेवण्यात फारसा फायदा नाही. आतले अवयव खूप चिकटलेले असतील आणि मुख काढताना मूत्रवाहिनीला इजा होण्याची भीती असेल, तर गोष्ट वेगळी.

बीजकोश हा स्वतंत्र निर्णय आहे. 'काढतोच आहोत तर तेही काढू' हे पाळी चालू असलेल्या बाईच्या बाबतीत चालत नाही. दोन्ही बीजकोश काढले की रजोनिवृत्ती एका दिवसात येते : गरम वाफा, झोपमोड, पुढे हाडे ठिसूळ होणे. ते निरोगी असतील आणि घरात बीजकोश किंवा स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास नसेल, तर सहसा ठेवावेत.

ऑपरेशनआधी एवढे नक्की विचारा : माझे काम योनीमार्गे किंवा दुर्बिणीतून होईल का? त्यात सावरायला कमी दिवस लागतात. पोटावरच करायचे ठरले, तर साधारण सहा आठवडे हंडा, बादली, गॅसची टाकी उचलायची नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर गर्भाशयमुख आणि दोन्ही बीजकोश काढले की ठेवले हे स्पष्ट लिहून घ्या. काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो आणून कार्डासोबत ठेवा.