कुष्ठमुक्तांचे अर्थार्जन : हात, हत्यार आणि हक्क

अपंगांच्या पुनर्वसनाचा विचार करताना दोन भिन्न प्रश्नांची पुष्कळदा गल्लत केली जाते. रोग बरा करणे हा एक प्रश्न होय. बऱ्या झालेल्या माणसास स्वतःच्या श्रमावर जगता येणे हा दुसरा. पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटेल, असे गृहीत धरण्याकडे वैद्यक व शासन या दोहोंचाही कल असतो. हे गृहीत किती भ्रामक आहे, ते कुष्ठरोगाच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कोणत्याही उदाहरणावरून क्वचितच होईल. या रोगावर गुणकारी औषध उपलब्ध होऊन पाऊणशे वर्षे लोटली. परंतु रोगमुक्त माणसाच्या उपजीविकेचा प्रश्न औषधाबरोबर मिटला नाही. तो का मिटला नाही, आणि तो सोडविण्याचे जे प्रयत्न भारतात झाले त्यांतून कोणती तत्त्वे हाती लागतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

रोगाचे स्वरूप

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील वैद्य हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. हा जंतू त्वचेप्रमाणेच शरीराच्या परिघाकडील मज्जातंतूंवर आघात करतो, आणि अर्थार्जनाच्या दृष्टीने हा दुसरा आघातच निर्णायक ठरतो. कोपराजवळून जाणारा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आत वळतात. मनगटातून जाणारा मज्जातंतूही दुखावला तर अंगठा इतर बोटांसमोर येऊ शकत नाही. पकड नाहीशी होते. त्याच वेळी हाताची संवेदना लोपते. गरम भांडे, धारदार कड, बोचणारा खिळा यांची जाणीव राहत नाही. जखम होते ती कळत नाही, कळत नाही म्हणून ती चिघळते, आणि वारंवार होणाऱ्या अशा जखमांमुळे बोटे हळूहळू आखूड होतात.

बोटे रोगानेच ‘झडतात’ अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. वैद्यांतही ती होती. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी या समजुतीला हादरा दिला. मांस आपोआप सडत नाही, बोटांची हानी मुख्यत्वे वेदना नसल्यामुळे होणाऱ्या इजांतून व त्यांत शिरणाऱ्या अन्य जंतूंच्या संसर्गातून होते, असे त्यांनी रुग्णांच्या बारकाईच्या निरीक्षणातून दाखविले. या निष्कर्षाचे महत्त्व केवळ वैद्यकीय नाही. बोटे रोगाने झडत असतील तर रुग्णाच्या हाताला काम देणे निरर्थक ठरते. ती इजेने जात असतील तर इजा टाळून काम करता येते. पुनर्वसनाची शक्यताच या भेदावर अवलंबून आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न

ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी वाकड्या झालेल्या हातावर शस्त्रक्रिया करण्याची पद्धती विकसित केली. ज्या स्नायूचा मज्जातंतू शाबूत आहे अशा स्नायूचा कंडरा सोडवून तो निकामी बोटांकडे वळवावयाचा, आणि मग त्या स्नायूस नवे काम शिकवावयाचे, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. मिटलेली बोटे पुन्हा उघडू लागली. पकड परत आली.

परंतु येथे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण निराश होऊन परत आले. त्यांचे म्हणणे असे की, पूर्वीचा हात पाहून लोक भीक घालीत. सुधारलेला हात पाहून आता कोणी घालीत नाही, आणि अंगावरील खुणा पाहून कामही कोणी देत नाही. शल्यकर्माने त्यांचे भिकेचे साधन काढून घेतले होते, मात्र त्या जागी उपजीविकेचे दुसरे साधन दिले नव्हते. पुनर्वसनाच्या अभ्यासकाने या तक्रारीचा गंभीरपणे विचार केला पाहिजे. तीत कृतघ्नता नसून अचूक आर्थिक निदान आहे: हाताची क्षमता आणि हाताला मिळणारी मागणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

या जाणिवेतूनच वेल्लोर येथे ‘नवजीव निलयम्’ हे छोटे केंद्र सुरू झाले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांनी तेथे राहावे, सुतारकाम व खेळणी तयार करणे यांसारखा उद्योग शिकावा, आणि मग आपल्या गावी परतावे, अशी कल्पना होती.

हत्यार बदलणे की माणूस बदलणे

कार्यशाळेत काम सुरू झाल्यावर दुसरा धडा मिळाला. संवेदनाहीन हाताचा कामगार हत्यार गरजेपेक्षा फार घट्ट धरतो, कारण किती जोर लागतो आहे हे सांगणारी जाणीवच त्याला नसते. बारीक मुठीच्या हत्याराचा सर्व दाब तळव्याच्या अल्प भागावर पडतो आणि तेथे फोड येतो. तोच जोर रुंद पृष्ठभागावर विभागला तर त्वचेस इजा होत नाही. म्हणून उपाय साधा ठरला: मूठ जाड व गुळगुळीत करावयाची, धातूच्या तापणाऱ्या भागास लाकडी आवरण द्यावयाचे, आवश्यक तेथे हातमोजे वापरावयाचे, आणि काम संपल्यावर प्रत्येकाने आपला हात डोळ्यांनी तपासावयाचा. जे काम वेदना करीत असे ते आता दृष्टीने करावयाचे.

या जाड मुठीत एक व्यापक तत्त्व सामावलेले आहे. कामाची साधने ही निसर्गदत्त नसतात. ती विशिष्ट प्रकारचा हात गृहीत धरून घडविलेली असतात. ज्याचा हात त्या गृहीतात बसत नाही त्यास आपण ‘अकार्यक्षम’ म्हणतो. वस्तुतः अकार्यक्षमता ही हात व हत्यार यांच्या परस्परसंबंधात असते, एकट्या हातात नसते. तेव्हा माणूस बदलणे अशक्य असेल तेथे हत्यार बदलणे हा दयेचा नव्हे, तर सरळ उत्पादनशास्त्राचा प्रश्न ठरतो.

आनंदवन : बाजारपेठेची भीती

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळ्या दिशेने भिडण्याचे कार्य मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी केले. त्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली वरोऱ्यानजीकच्या खडकाळ जमिनीवर आनंदवनाचा आरंभ झाला. साधनाताई, दोन लहान मुले व मूठभर रुग्ण एवढेच आरंभीचे मनुष्यबळ होते. विहीर खणणे, जमीन लागवडीस आणणे, निवारे बांधणे ही सर्व कामे रुग्णांनीच केली. दानाने माणूस लाचार होतो व श्रमाने उभा राहतो, ही आमटे यांची धारणा होती. आनंदवनाची सारी रचना तीवर आधारलेली आहे.

उत्पादन सुरू झाल्यावर मात्र विक्रीचा प्रश्न आला. कुष्ठरोग्यांनी पिकविलेला भाजीपाला व काढलेले दूध घेण्यास गावकरी प्रथम कचरत. येथे अडसर उत्पादकाच्या हातात नव्हता, ग्राहकाच्या मनात होता. पन्नाशीच्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेच्या परदेशी स्वयंसेवकांनी आनंदवनात राहून बांधकामास हातभार लावला. अशा सहवासाचा परिणाम इमारतींपुरता मर्यादित नसतो. निरोगी माणसे रुग्णांबरोबर राबतात व जेवतात हे दृश्य, कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. पुढे शेती, दुग्धव्यवसाय, हातमाग व लहान कारखाने यांचा विस्तार झाला. अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. ‘संधीनिकेतन’मध्ये इतर अपंगांनाही व्यवसायशिक्षण मिळू लागले.

तथापि, या प्रयोगाचे मूल्यमापन करताना एका मूलभूत प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येत नाही. वेल्लोरचे उद्दिष्ट माणूस गावी परतावा हे होते; आनंदवनाने, ज्यांना गावच उरले नाही त्यांच्यासाठी नवे गाव वसविले. पहिल्या मार्गाने गेलेला माणूस समाजाच्या दारात एकटा पडू शकतो. दुसऱ्या मार्गाने त्याला काम, सोबत व प्रतिष्ठा मिळते, पण दार उघडण्याची समाजावरील जबाबदारी पुढे ढकलली जाण्याचा धोका राहतो. हा दोष वसाहतीचा नव्हे. तिची गरज निर्माण करणाऱ्या समाजाचा आहे.

निषेधाकडून हक्काकडे

समाजाच्या या भीतीला कायद्याचेही पाठबळ होते. १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक अधिनियमान्वये निर्धन कुष्ठरोग्यास अटक करून आश्रमात ठेवता येत असे. शिवाय, जेथे तसा आदेश लागू होई तेथे त्याने खाद्यपेये, औषधे वा कपडे विकावयाचे नाहीत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घ्यावयाचे नाही आणि भाड्याचे वाहन हाकावयाचे नाही, असे निर्बंध घालता येत. म्हणजे भीक मागितली तर अटक आणि धंदा केला तर मनाई, अशी ही कोंडी होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यामुळे सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला. तरीही हा अधिनियम २०१६ पर्यंत संविधिग्रंथात कायम होता. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मिळण्याची तरतूद तर २०१९ साली रद्द झाली.

दुसऱ्या बाजूने हक्काची भाषा आकारास येत होती. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात ‘कुष्ठमुक्त’ हा स्वतंत्र वर्ग मानला गेला. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. त्यातील ‘कुष्ठमुक्त’ या संज्ञेची व्याख्या अभ्यसनीय आहे. तीत तीन अवस्था सांगितल्या आहेत: संवेदना गेली पण दृश्य व्यंग नाही, व्यंग आहे पण नेहमीचा अर्थव्यवहार करण्याइतकी हालचाल शिल्लक आहे, आणि व्यंग व वय यांमुळे उपजीविका अशक्य झाली आहे. शरीराचे मोजमाप येथे अर्थार्जनाच्या मापाने केले आहे.

शासकीय सेवेत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असून, त्यांतील एक टक्का ज्या गटास आहे त्यात कुष्ठमुक्तांचा समावेश होतो. हा लाभ किमान चाळीस टक्के प्रमाणित दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरता आहे. खाजगी क्षेत्रासाठी मात्र सक्ती नाही. पाच टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत यासाठी शासनाने प्रोत्साहन द्यावे, एवढीच तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २.६८ कोटी दिव्यांगांपैकी सुमारे ३६ टक्केच काम करणारे होते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. शासकीय नोकऱ्यांच्या राखीव जागांनी हे अंतर भरून निघणे शक्य नाही, हे उघड आहे.

म्हणूनच या अधिनियमातील ‘वाजवी समायोजन’ ही कल्पना आरक्षणाहून अधिक मूलगामी मानावी लागते. अवाजवी भार न पडता कामाच्या साधनांत व परिस्थितीत आवश्यक ते फेरफार करणे, असा तिचा आशय आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असा निर्णय दिला की, लेखनिकाची सोय मिळण्याचा हक्क चाळीस टक्क्यांच्या अटीशी जखडता येत नाही. ज्याचा हात सरळ दिसतो पण बधिर आहे अशा कामगाराच्या दृष्टीने या तर्काचे मोल मोठे आहे. वेल्लोरच्या सुतारशाळेतील जाड मूठ आणि कायद्यातील वाजवी समायोजन, या एकाच विचाराच्या दोन अवस्था होत.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, अर्थपूर्ण रोजगारासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: काम करू शकणारा हात, त्या हाताला साजेसे हत्यार, आणि त्या श्रमाला नाकारता येणार नाही असा हक्क. केवळ शस्त्रक्रिया केली तर सुधारलेला हात रिकामा राहतो. केवळ कार्यशाळा काढली तर माल पडून राहतो. केवळ कायदा केला तर हक्क कागदावर राहतो. वेल्लोरहून निराश होऊन परतलेल्या त्या रुग्णांची तक्रार आजही पुनर्वसनाच्या प्रत्येक योजनेची कसोटी म्हणून वापरता येईल. योजनेने माणसाचे काय बरे केले, एवढे विचारून भागत नाही. बरे झाल्यावर त्याने उद्या सकाळी कोठे जावयाचे, याचेही उत्तर तिच्यापाशी असले पाहिजे.