पांडाचा कान भरताना अख्खं पान काळं का होतं?

सुट्टीत घरी गेलं की चिल्लीपिल्ली मोबाइलभोवती गोळा होतात आणि "दादा, पांडा काढून दे ना" अशी फर्माईश येते. आमच्या निफाडला तरी येतेच. काढून देऊ नका, शिकवा. पांडा सोपा आहे, आणि ड्रॉइंग ॲप आतून कसं चालतं हे कळायलाही तो एकदम कामाचा आहे.

पांडात पांढरा रंग काढायचाच नसतो, तो पानच देतं. आपण फक्त काळे भाग ठेवायचे. डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेचा लोगो आठवा. १९६१ मध्ये पीटर स्कॉट यांनी जेराल्ड वॉटरसन यांच्या स्केचेसवरून तो तयार केला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तेव्हा ची-ची नावाची पांडा होती. काळ्या-पांढऱ्यात उठून दिसणारा प्राणी निवडण्यामागे छपाईचा खर्च वाचवणं हेही एक कारण होतं. आताच्या लोगोत डोक्याच्या वरच्या बाजूला रेषच नाहीये, तरी आपल्याला डोकं दिसतं. दोन कान आणि दोन डोळे योग्य जागी असले की उरलेली रेष मेंदू स्वतःच पुरी करतो.

म्हणून मुलांना आधी जागा दाखवा, रेषा नंतर. डोकं उंचीपेक्षा रुंद हवं, कारण बांबू चावायचे म्हणून पांडाच्या जबड्याचे स्नायू दणकट असतात आणि गाल भरलेले दिसतात. डोळ्यांभोवतीचे काळे डाग गोल काढले तर चष्मा लावलेलं अस्वल तयार होतं. ते डाग थेंबासारखे, बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले काढायचे. सगळी गंमत त्या झुकण्यात आहे! कान काळे, चारही पाय काळे, पुढच्या पायांवरून खांद्यावर गेलेला पट्टा काळा. शेपटी मात्र पांढरी. इथे जवळपास प्रत्येक पोरगं चुकतं, मोठेही चुकतात.

आता बादलीवालं बटण. मुलानं कानाची रेष काढली, बादली निवडली, कानात टॅप केलं आणि अख्खं पान काळं. लगेच "मला नाही येत" म्हणून मोबाइल बाजूला. खरं तर त्याचं चित्र चांगलं असतं, गडबड एखाद्या पिक्सेलची असते.

बादलीमागच्या पद्धतीला फ्लड फिल म्हणतात. आपण टॅप केलेल्या पिक्सेलचा रंग ॲप पाहतं. मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार शेजाऱ्यांचा रंग तपासतं. रंग तोच असेल तर तो शेजारी काळा करायचा आणि त्याचेही चार शेजारी तपासायचे. वेगळा रंग लागला की तिथे थांबायचं. कांद्याला पाणी भरताना वाफ्याचा वरंबा एका जागी फुटला तर काय होतं? पाणी शेजारच्या वाफ्यात, तिथून पुढच्या. इथेही तसंच. कानाची रेष डोक्याला टेकताना एवढीशी फट राहिली की काळा रंग तिथून निसटतो. १०८० बाय १०८० च्या पानात ११,६६,४०० पिक्सेल असतात आणि फोन ते डोळ्याचं पातं लवायच्या आत भरून टाकतो.

उपाय सोपा आहे. अनडू करा, दोन बोटांनी झूम करा, फट शोधा, बुजवा. फट मुलालाच शोधू द्या, त्याला ते कोड्यासारखं वाटतं. रंग भरूनही कडेला पांढुरकी किनार राहत असेल तर टॉलरन्स नावाचा स्लायडर थोडा वाढवा. रेष गुळगुळीत दिसावी म्हणून ॲप तिच्या कडेला करडे पिक्सेल ठेवतं, आणि बादली त्यांना वेगळा रंग समजून थांबते. टॉलरन्स फार वाढवला तर मात्र फिकट रेष ओलांडून रंग पुन्हा बाहेर पळतो.

अर्धं चित्र काढलं की उरलेलं अर्धं आपोआप काढून देणारं सिमेट्रीचं बटणही असतं. माझं मत विचाराल तर सुरुवातीला ते बंदच ठेवा. पांडा शिक्क्यासारखा छान येतो, पण दोन डोळ्यांमधलं अंतर डोळ्यानं मोजायची सवय लागत नाही. पहिले दोन-तीन पांडा पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर झाले तर उत्तमच. काचेवर बोट घसरतं आणि आपण काढतोय तीच जागा बोटाखाली झाकली जाते.

मुलांना खेळच हवा असेल तर गुगलचा 'क्विक, ड्रॉ!' दाखवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या या खेळात २० सेकंदांत चित्र काढायचं आणि कॉम्प्युटर ते ओळखतो. त्यातून जमलेली ५ कोटी चित्रं गुगलनं सगळ्यांसाठी खुली केली. विषय ३४५ आहेत आणि पांडा त्यातला एक. ही चित्रं फोटोसारखी साठवलेली नाहीत. बोट कुठून कुठे गेलं ते बिंदू आणि प्रत्येक बिंदूची वेळ, एवढंच त्यात आहे. त्यामुळे कुणी आधी कान काढले आणि कुणी आधी डोकं, हेही त्यातून कळतं. शिकवणाऱ्याला ही माहिती फार कामाची, कारण नुसतं पूर्ण झालेलं चित्र पाहून क्रम समजत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. फायरफॉक्स हे नाव कोल्ह्याचं नाही, लाल पांडाचं टोपणनाव आहे. लाल पांडा आपल्या सिक्कीमचा राज्यप्राणी आहे. नाव सारखं असलं तरी काळ्या-पांढऱ्या पांडाचा तो जवळचा नातेवाईक नाही.

खरा पांडा पाहायला निफाडची पोरं चीनला जाणार नाहीत. पण तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये रामसर यादीत आलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ ठिकाण. तिथे उथळ पाण्यात शेकाट्या दिसतो. पांढरं अंग, काळे पंख आणि काडीसारखे लांब गुलाबी पाय. पांडावर हात बसला की हाच पक्षी समोर बघून काढायला सांगा. अंग पुन्हा पानच देईल. पायांसाठी नवीन लेअर घ्या, कारण ते पहिल्या झटक्यात सरळ येत नाहीत आणि खोडताना अंगाला धक्का लागायला नको.