मोल अर्ध्या घनसेंटिमीटरचे

वय वाढू लागले की केस पिकतात, त्वचेवर सुरकुत्या उमटतात. हे बदल आरसा दाखवतो. मेंदूतील बदल मात्र कवटीआड, नकळत घडत असतात. उतारवयात मेंदू हळूहळू आकसतो, त्यातील द्रवाने भरलेल्या पोकळ्या रुंदावतात आणि श्वेतद्रव्यात, म्हणजेच मज्जातंतूंच्या जाळ्यात, लहान लहान डाग दिसू लागतात. बारीक रक्तवाहिन्यांना पोहोचलेल्या इजेची ही बहुधा खूण असते. एमआरआयच्या विशिष्ट चित्रांत हे डाग पांढरे चमकतात. उच्च रक्तदाब असणाऱ्यांत ते अधिक आढळतात. ते जितके पसरतील तितका विचारांचा वेग मंदावण्याचा, पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो.

डाग आहेत हे तज्ज्ञांच्या नजरेला दिसते. परंतु ते नेमके किती आणि चार वर्षांत वाढले किती, हे सांगणे सोपे नाही. १९८७ पासून प्रचलित असलेल्या फाझेकस श्रेणीत चित्र पाहून शून्य ते तीन असे गुण दिले जातात. दैनंदिन उपचारांसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. पण खातेदाराला रकमेऐवजी ‘शिल्लक बरी आहे’ एवढेच सांगावे, तसे हे झाले. अचूक मोजणीसाठी चित्राच्या प्रत्येक कणाची नोंद हवी. एक मिलिमीटर बाजूचे घन कल्पिले, तर प्रौढ मेंदूत असे बारा लाखांच्या आसपास घन भरतात. त्यांतला प्रत्येक घन करड्या द्रव्याचा, श्वेतद्रव्याचा, पोकळीचा की डागाचा, हे ठरवणे म्हणजेच मेंदूच्या चित्राची विभागणी.

यंत्र शिकते कसे?

येथे ‘डीप लर्निंग’ हे तंत्र मदतीला येते. तज्ज्ञांनी हाताने रेखून दिलेली चित्रे संगणकाला दाखवली जातात. संगणक स्वतःची विभागणी करतो, ती तज्ज्ञांच्या रेखाटनाशी ताडून पाहतो आणि चूक कमी होईल अशा रीतीने आपली अंतर्गत गणिते पुन्हा पुन्हा बदलतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ मध्ये विकसित झालेली ‘यू-नेट’ ही रचना या कामाचा पाया ठरली. ती आधी चित्र लहान करत जाऊन त्याचा एकंदर आशय पकडते. मग ते पुन्हा मोठे करत प्रत्येक कणाची सीमा निश्चित करते. जुन्या प्रणालींना एका मेंदूच्या संपूर्ण विभागणीसाठी काही तास लागत. २०२० मध्ये बॉनमधील संशोधकांनी सादर केलेली ‘फास्टसर्फर’ प्रणाली शक्तिशाली ग्राफिक्स प्रोसेसरवर हे काम सुमारे एका मिनिटात करते.

मोजणीने काय सांगितले?

या मोजणीचे मोल अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात दिसून आले. वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवावा की १४० च्या खाली, हा त्यातील प्रश्न. सरासरी ६७ वर्षे वयाच्या ६७० जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी ४४९ जणांची सुमारे चार वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. डागांची मोजणी डीप लर्निंगच्या साहाय्याने करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १४० च्या गटात डाग सरासरी १.४५ घनसेंटिमीटरने, तर १२० च्या गटात ०.९२ घनसेंटिमीटरने वाढले. फरक अर्ध्या घनसेंटिमीटरचा, नुसत्या नजरेतून सहज निसटणारा. मात्र जमेसोबत खर्चही नोंदवला पाहिजे: १२० च्या गटात मेंदूचे एकूण आकारमान किंचित अधिक घटले. याच अभ्यासात सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण कमी आढळले. स्मृतिभ्रंशाबाबत मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही.

मर्यादा

यंत्राचा निकाल अंतिम मानण्याची चूक करू नये. तरुण मेंदूंच्या चित्रांवर शिकलेली प्रणाली आकसलेल्या वृद्ध मेंदूपुढे गोंधळते. जुन्या पक्षाघाताचा व्रण तिला चकवू शकतो. रुग्ण यंत्रात हलला किंवा एमआरआय यंत्रच वेगळे असले, तरी मोजणी बदलते. म्हणूनच वयस्कांची, तीही विविध समाजांतील, चित्रे शिकवणीत असणे अगत्याचे ठरते. भारतात बेंगळुरूचे मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर परिसरात ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. त्यात मेंदूच्या एमआरआयचाही समावेश आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख नागरिकांना स्मृतिभ्रंश आहे. अशा देशात या कामाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

प्रत्येक ज्येष्ठाने एमआरआय काढून घ्यावा, असा याचा अर्थ नव्हे. रक्तदाबाचे योग्य लक्ष्यही वय आणि इतर आजार पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. परंतु रक्तदाब मोजण्यास ना मोठे यंत्र लागते, ना मोठा खर्च. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला न चुकता सादर करतात. तितक्याच काटेकोरपणे, आणि वर्षातून एकदाच नव्हे तर नियमाने, रक्तदाबाची नोंद ठेवली, तर मेंदूच्या जपणुकीचे एक मोठे काम घरबसल्या होईल.