वादळाचे भरून मिळते, वाळवीचे नाही

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. दीडच महिन्यात, १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. चक्रीवादळाने उडालेली कौले आणि छपरावर कोसळलेला माड, दोन्ही या पॉलिसीच्या संरक्षणात येतात. मात्र विमा हा नुकसानीचा असतो, डागडुजीचा नव्हे. म्हणूनच सिंधुदुर्गातल्या मिठबावसारख्या गावात दाव्याचा निकाल कौलांपेक्षा त्यांखालच्या वाशांवर ठरू शकतो: ताजा तुटलेला वासा वाऱ्याची साक्ष देतो, वाळवीने पोखरलेला मालकाच्या हयगयीची. पावसाळ्यापूर्वी छपराचे तारखेसह फोटो आणि शाकारणीची पावती जपावी, ती त्यासाठीच. पडझडीनंतर ताडपत्री जरूर घालावी, पण आधी फोटो काढावेत आणि सर्वेक्षक येईपर्यंत तुटके वासे फेकू नयेत.

‘सरकारी मदत मिळतेच, मग हप्ता कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण पंचनाम्यावरची मदत ठरावीक दराने मिळते. विम्यात मात्र विमा रकमेच्या मर्यादेत दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च मोजला जातो. मदत हा दिलासा आहे, विमा हा करार.