परदेशात ग्रॅनाइट पाठवायचंय? आधी वजनकाटा बघा

एक्स्पोर्टवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो, "सर, मसाले आणि कांदा सोडून आपल्याकडून दुसरं काय जाऊ शकतं?" माझं सांगलीजवळ टाइल्स-ग्रॅनाइटचं दुकान आहे, त्यामुळे मी बांधकामाच्या मालाबद्दलच बोलणार. ग्रॅनाइट, टाइल्स, सॅनिटरी, दरवाजे, सगळं जातं. हा माल नासत नाही, एक्स्पायरी डेट नाही. पण तो जड असतो आणि फुटतो. या दोन गोष्टी मी पहिल्या वेळी नीट धरल्या नाहीत आणि २५ हजार नफ्याच्या ऑर्डरमध्ये खिशातले १३ हजार घातले. हिशोब उघड करूनच सांगतो.

आमच्या तालुक्यातले एक दादा मस्कतला कॉन्ट्रॅक्टर आहेत. २०१९ साली गावी आले तेव्हा दुकानात चहा पिताना म्हणाले, "पायऱ्या आणि ओट्यासाठी हजार फूट माल पाठव." १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट, कट साइज. मी इलकलहून माल उचलणार, पॉलिश-कटिंग करून न्हावाशेवाहून बोटीने पाठवणार. सोपं वाटलं.

हजार फुटाला अख्खा कंटेनर लागत नाही, म्हणून एलसीएल घेतलं. म्हणजे एकाच कंटेनरमध्ये पाच-दहा जणांचा माल. एजंटने सीबीएमचा, म्हणजे घनमीटरचा रेट दिला, २,५०० रुपये. माझ्या पेट्यांचं माप ३ सीबीएम, मी साडेसात हजार धरून मोकळा झालो. बिल आलं साडेबारा हजारांचं! फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "कोटेशनमध्ये रेटपुढे काय लिहिलंय वाचा." लिहिलं होतं डब्ल्यू/एम. याचा अर्थ घनमीटर किंवा टन, यापैकी जे जास्त भरेल त्यावर भाडं. कापूस किंवा फर्निचर पाठवणाऱ्याचं भाडं मापावर निघतं, दगडवाल्याचं नेहमी वजनावर. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट एका स्क्वेअर फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. हजार फूट म्हणजे साडेचार टन, वर पेट्यांचं लाकूड. झाले पाच. हे गणित माझ्या दुकानातला हमालसुद्धा तोंडी करतो, आणि मी बीबीए होऊन केलं नाही.

पुढचा फटका लाकडाचा. पेट्या गल्लीतल्या सुताराकडून आंब्याच्या लाकडाच्या करून घेतल्या होत्या, मजबूत आणि स्वस्त. सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटने, विचारलं, "शिक्का कुठाय?" लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम-१५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असावं, किंवा त्यावर धुरी दिलेली असावी, आणि तसा शिक्का प्रत्येक पेटीवर हवा. माझ्या पेट्यांवर सुताराने पेन्सिलने लिहिलेला माझा मोबाइल नंबर होता. सगळा माल तिथेच काढून नव्या पेट्यांत भरावा लागला. हमाली धरून १२ हजार गेले.

सगळ्यात मोठी चूक मात्र एका शब्दाची होती. मी भाव लिहून दिला "सीआयएफ मस्कत". सीआयएफ म्हणजे मालाची किंमत, विमा आणि बोटीचं भाडं आपलं, तेही ठरलेल्या बंदरापर्यंत. आता गंमत बघा. मस्कतच्या बंदराचं व्यापारी मालाचं काम २०१४ सालीच सोहारला हलवलेलं आहे, आणि सोहार तिथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. माल सोहारला उतरला. तिथले गोदामाचे, डिलिव्हरी ऑर्डरचे चार्जेस आणि मस्कतपर्यंतचा ट्रक, कोण देणार? दादांचा फोन आला, "भावा, कागदावर मस्कत लिहिलंयस की." त्यांचं बरोबर होतं. २१ हजार मी भरले. पाच, बारा आणि एकवीस, झाले ३८.

एलसीएलचं बोटभाडं कधी कधी इतकं स्वस्त दाखवतात की आपल्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. ते पैसे समोरच्या बंदरावर तुमच्या गिऱ्हाईकाकडून वसूल होतात. त्यामुळे कोटेशन मागतानाच "तिकडचे चार्जेस लेखी द्या" म्हणायचं आणि ते गिऱ्हाईकाला ऑर्डर घेण्याआधी दाखवायचं. नवीन असाल तर एफओबी न्हावाशेवा असा भाव द्या, बोट गिऱ्हाईकाला ठरवू द्या. (पुस्तकाप्रमाणे कंटेनरसाठी एफसीए ही अट जास्त योग्य, पण बाजारात सगळे एफओबीच बोलतात.)

आता मी दगड फुल कंटेनरनेच पाठवतो, आणि तोही २० फुटी. पुष्कळ जण म्हणतात ४० फुटी घ्या, डबल माल बसेल. जागा डबल असते हो, साधारण ३३ च्या ठिकाणी ६७ घनमीटर. पण वजन डबल उचलत नाही, उलट रिकामा कंटेनरच जास्त जड. २० फुटीत साधारण २५ टन धरले, पॅकिंगचा एक टन सोडला, तरी ५,३०० फुटांच्या आसपास ग्रॅनाइट जातो. लोड केल्यावर आत बरीच जागा रिकामी दिसते. ती भरायचा मोह करायचा नाही, कारण कंटेनर, रस्ता आणि बंदर तिन्हीकडे वजनाची मर्यादा आहे, आणि जुलै २०१६ पासून काट्यावरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय कंटेनर बोटीवर चढतच नाही. मोठे स्लॅब आडवे ठेवायचे नाहीत, घोडीवर उभे, दोन्ही बाजूंना सारखं वजन आणि मधे घट्ट टेकू. बोट दिवसरात्र डुलते, सैल राहिलेला एक स्लॅब शेजारच्या दहांना घेऊन जातो.

कागदपत्रांना लोक उगाच घाबरतात. आयईसी ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो, फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा. आयजीएसटी न भरता माल पाठवायला दर आर्थिक वर्षाला एलयूटी भरायचं. बँकेचा एडी कोड कस्टमला नोंदवायचा. बाकी सीएचए करतो.

विमा मात्र सोडू नका. रिवाज असा की सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांचा घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन अडकली ते आठवतंय ना? तिच्या मालकाने नंतर जनरल अॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे बोट सोडवायच्या खर्चात, ज्यांच्या मालाला ओरखडाही आला नव्हता त्यांचाही वाटा. विमा असेल तर हमी कंपनी देते, नसेल तर स्वतः पैसे ठेवल्याशिवाय माल हातात येत नाही.

आणि पैशाचं. मी ३० टक्के अॅडव्हान्स घेतो, बाकी बिल ऑफ लॅडिंगची कॉपी मेलवर गेल्यावर. ओरिजिनल बीएल पैसे जमा होईपर्यंत माझ्या कपाटात. ते कागद म्हणजे मालाची किल्ली. ओळखीचा माणूस असला तरी हेच, हे दादांनाही सांगितलं. ते हसले आणि पुढच्या वेळी पूर्ण कंटेनरची ऑर्डर दिली, २०२२ मध्ये. त्या कोटेशनवर मी "एफओबी न्हावाशेवा" हे शब्द ठळक अक्षरात टाकले, खाली अधोरेखित केले, आणि तरी फोन करून वाचून दाखवले.

त्या कंटेनरच्या खर्चाची शीट पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर उघडतो. तोपर्यंत एक काम करा. तुमच्या दुकानातला जो माल पाठवायचा विचार आहे त्याची एक पेटी काट्यावर ठेवा, टेपने मोजा, आणि तिचं भाडं मापावर निघेल की वजनावर ते वहीत लिहून ठेवा.