तंजावरची भिंत मराठी बोलते!

त्रिचीपर्यंत गेलाय आणि हातात एकच दिवस आहे? मग थेट तंजावर गाठा. बसने साधारण दीड तास.

सकाळी आधी बृहदीश्वर मंदिर बघा. दुपारी ते बंद असतं, शिवाय तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय चांगलेच भाजतात. राजराज चोळाने १०१० मध्ये हे ग्रॅनाइटचं मंदिर पूर्ण केलं. शिखर साठ मीटरच्या आसपास उंच! समोरचा भलामोठा नंदी मात्र नंतरच्या नायक राजांच्या काळातला.

आता नैर्ऋत्येच्या भिंतीकडे या. अक्षरं ओळखीची वाटतायत? वाटणारच, ती मराठी आहेत! दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सुरू केलेलं हे राज्य १८५५ पर्यंत टिकलं.

पुढे राजवाडा. नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. दरबाराचे रंगवलेले खांब बघून झाले की सरस्वती महाल ग्रंथालयात शिरा. तिथे मोडीतले मराठी कागद आहेत. भाषा आपली, पण लिपी वाचता येते का आपल्याला?

सेल्फी काढाच. पण परत आल्यावर मोडीच्या एखाद्या वर्गाची चौकशीही करा. चोळ, नायक, भोसले, प्रत्येकाने तंजावरमध्ये स्वतःची भर घातली. ती वाचायचं काम आता आपल्याकडे आहे.