फ्रीजमागचा हर्मिस

केशोरीतल्या एखाद्या किराणा दुकानात फ्रीजच्या मागे वाकून पाहा. तळाशी मडक्याएवढा काळा लोखंडी गोळा मंद घुमत असतो. तो कॉम्प्रेसर. मोटर आणि पंप पोलादी कवचात घालून सांधा वेल्डिंगने कायमचा बंद करतात, म्हणून आतला वायू वर्षानुवर्षे टिकतो. अशा बंदिस्त यंत्राला तंत्रज्ञ ‘हर्मेटिक’ म्हणतात.

हे नाव ग्रीक देवांचा निरोप्या हर्मिस याचं. त्याच्या नावाच्या दंतकथेतल्या ज्ञानी पुरुषाला युरोपातले किमयागार गुरू मानत. काचनळीचं तोंड वितळवून ते घट्ट मिटवत; त्यावरूनच घट्ट बंद ते ‘हर्मेटिक’. हेच नाव आकाशातही आहे: १९३७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल राइनमुट यांना दिसलेला लघुग्रहही हर्मिसच. तो हरवला आणि थेट २००३ मध्ये सापडला. निरोप्याची धावपळ अजून संपलेली नाही!